पानावरचे जुने डाग

"मॅडमजी, याले पाहून घ्या जरा."

लटारीने माझ्या टेबलावर एक पान ठेवलं. वीतभर लांब, गवताच्या पात्यासारखं, दोन्ही कडांना पांढरा पट्टा. शेंडा वाळून तांबूस झालेला आणि त्याच्या खाली मसुराएवढे चार-पाच डाग, प्रत्येकाला गडद काठ.

"कुठलं हे?"

"गेस्ट हाऊसपुढलं. आपलं पट्ट्याचं गवत."

"एकच आहे की आणखी?"

तो हसला. "एक असतं तं तुमच्यापाशी कायले आणलं असतं जी? म्याच तोडून फेकलं असतं."

ही १९९६ सालच्या सप्टेंबरची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. फलटणकडची मुलगी, कृषी पदवी घेऊन थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत उद्यान पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले होते. हाताखाली सहा माळी. पाच जण कायम नोकरीतले, त्यामुळे त्यांना मी आले काय आणि गेले काय, सारखंच होतं. सहावा लटारी निकोडे. नऊ वर्षं रोजंदारीवर होता आणि बागेतलं निम्मं काम तोच करायचा.

पट्ट्याचं गवत हे त्याचं नाव. पुस्तकातलं नाव लिरिओप, आणि ते गवत नव्हेच. पण जमीन झाकायला इतकं देखणं झाड दुसरं नाही. अतिथिगृहासमोर मोठ्या झाडांच्या सावलीत त्याचा दोनशे फुटांचा वळणदार वाफा होता. चेअरमनसाहेबांच्या पत्नीने रोपं स्वतः बंगळुरूहून आणली होती. दर वर्षी पंचवीस नोव्हेंबरला कारखान्याचा स्थापना दिन असायचा. त्या यायच्या आणि गाडीतून उतरल्या की आधी तो वाफा बघायच्या, मग माणसं. माझ्या आधीच्या पर्यवेक्षकाची गुलाबांपायी खाणीकडच्या वृक्षारोपणावर बदली झाली होती, असं मला पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी तीन वेळा सांगितलं होतं.

मी लटारीबरोबर जाऊन वाफा पाहिला. मधला तीसेक फुटांचा पट्टा पार करपलेला, आणि दोन्ही बाजूंना डाग पसरत चाललेले. बुरशी. पावसाळाभर ओली राहिलेली पानं, रोपांची दाटी, जुन्या पाचोळ्याचा थर आणि वर रोज संध्याकाळी पाइपने घातलेली आंघोळ. बुरशीला आणखी काय हवं?

"संध्याकाळी पाणी कोण मारतं?"

"मीच जी. पानं धुतली का चांगले दिसते."

"आजपासून बंद. पाणी सकाळी घालायचं, तेही मुळाशी. पानाला थेंब लागता कामा नये."

"बरं."

कुणी दुसरा असता तर नऊ वर्षांचा अनुभव ऐकवला असता. लटारीने फक्त मान हलवली. मग करपलेलं पान बोटांत फिरवत विचारलं, "मॅडमजी, औषध मारलं का हे डाग जातीन?"

"डाग जात नाही. पडला तो पडला. रोग मेला तरी पानावर डाग राहतोच."

"मंग त्या पानापासून दुसऱ्याले लागत असन?"

"रोग मेला असेल तर नाही लागत. डाग नुसता दिसतो. नवीन पानं स्वच्छ येतात."

"पक्कं?"

"परीक्षेत लिहून आलेय मी," मी म्हटलं. तो पुन्हा हसला आणि पान खिशात घातलं. त्याने ते का फेकलं नाही, असं मला वाटून गेलं, पण ते तेवढ्यापुरतंच.

रोपवाटिकेच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथे कुंड्या, खतं, अवजारं, माझं टेबल आणि लटारीचा वातीचा स्टोव्ह. बाकीचे माळी दहा वाजता कँटीनला जायचे. लटारी शेडमध्येच गवती चहा टाकून चहा करायचा आणि स्टीलच्या दोन ग्लासांत ओतायचा, एक मला, एक त्याला. माझा ग्लास मी ओढणीच्या टोकाने धरायचे तरी बोटं भाजायची. तो मात्र उकळता ग्लास डाव्या हाताच्या पंजात नुसता धरून बसायचा.

"तुमचे हात आहेत की फावडी?" मी चिडवायचे.

"फावडीच म्हना जी."

आणखीही गोष्टी होत्या. बाकीचे माळी वाफ्यात अनवाणी उतरायचे. लटारी बारा महिने कॅनव्हासचे बूट घालायचा आणि घालण्याआधी ते उलटे करून झटकायचा. संध्याकाळी सुटायच्या आधी हात-पाय पाण्यात बुडवून बसायचा. मग उपड्या कुंडीवर बसून आपले तळवे, बोटांच्या बेचक्या, पायाचे तळ असं एकेक उजेडाला धरून निरखायचा आणि तेल चोळायचा. मी एकदा विचारलं, "काय लटारी, भविष्य बघता का?"

"हो जी. उद्याचं उद्या पाहाव लागते," तो म्हणाला.

मला तो माणूस आवडायचा. घरापासून इतक्या लांब, जेवणाची चव निराळी, बोली निराळी. त्या तीन महिन्यांत माझ्याशी माणसासारखं बोललेला तो एकटाच. दहाच्या चहाची मी वाट बघत असे.

औषधाआधी कापणी करायची होती. रोगट पानं बुडातून छाटायची, पाचोळा वेचायचा आणि सगळं दूर नेऊन जाळायचं. कात्रीवरून रोग एका रोपाचा दुसऱ्याला जातो, म्हणून दर रोपानंतर पातं निर्जंतुक करायचं असतं. मी दवाखान्यातून स्पिरिटची बाटली मागवली. ती दुसऱ्या दिवशी गायब झाली. कुठे गेली ते मी विचारलं नाही, कारण दोन माळी तोंड फिरवून उभे होते. मग लटारीनेच तोड काढली. त्याने स्टोव्ह वाफ्याजवळ नेला आणि त्यावर पाण्याचं पातेलं उकळत ठेवलं. एक रोप छाटलं की कात्री चिमट्याने धरून पाण्यात बुडवायची, दहापर्यंत मोजायचं, मग पुढचं रोप. सहाशेच्या वर रोपं होती. बाकीच्या माळ्यांनी दुसऱ्या दिवशी मोजणं सोडलं आणि तिसऱ्या दिवशी बुडवणं. लटारी बारा दिवस मोजत होता.

"एवढं काय मनावर घेता?" मी म्हटलं.

"बिमारी हातानं फिरते म्हन्ते ना जी लोकं. आपल्या हातानं नाई फिरली पाह्यजे."

त्याच सुमाराला नोकरभरती बघणाऱ्या पर्सोनेल खात्याच्या देवपुजारीसाहेबांनी सांगितलं की रोजंदारीवरच्या दोघांना कायम करायचंय, बागेतलं नाव द्या. मी जागच्या जागी लटारीचं नाव लिहून दिलं. वाटलं, ही बातमी ऐकून तो उडी मारेल. तो कुंडीतली माती उकरत राहिला.

"मले नको जी कायम."

"नको? नऊ वर्षं झाली तुम्हाला. कायम झालात की क्वार्टर मिळेल, मुलीला कारखान्याची शाळा मिळेल. रोजंदारीवरच्यांना एप्रिलपासून ठेवणार नाहीत, माहीत आहे ना?"

"माहीत हाये."

"मग?"

"मेडिकल असते म्हन्ते."

"असणारच. वजन, डोळे, छाती. तुम्ही बैलासारखे धडधाकट आहात."

मला वाटलं, अडाणी माणूस, सुईला घाबरतो. कुणाचं भलं करायचं मनात आलं की मला त्या वयात समोरच्याचं ऐकू येत नसे. मी नाव मागे घेतलं नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही बुरशीवरचं औषध, बोर्डो मिश्रण, करायला घेतलं. एका बादलीत मोरचूद विरघळवायचं, दुसऱ्या भांड्यात कळीचा चुना विरवायचा आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं. मग लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबं चढलं तर चुना कमी पडला. सिमेंट कारखान्यात चुन्याला तोटा नव्हता. लटारीने घमेल्यात किलोभर खडे टाकले आणि वर पाणी सोडलं. खडे तडतडले, फुटले, पाणी खदखदून उकळायला लागलं. लटारी लांब दांडक्याने ढवळत होता. मी वाकून बघत होते. वाफेने चष्मा धुरकटला. तो पुसायला काढला आणि माझ्या हातातून निसटून सरळ घमेल्यात पडला.

"अगं आई," एवढंच मी म्हणाले.

लटारीने दांडकं टाकलं, डावा हात मनगटापर्यंत त्या उकळत्या चुन्यात घातला, चाचपला, चष्मा बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. काच शाबूत हाये."

मी चष्मा घेतला नाही. मी त्याचा हात बघत होते. पंजावरून पांढरा चुना ओघळत होता आणि त्याखाली कातडं सुटत चाललं होतं. लटारीने माझा चेहरा पाहिला. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, भाजलाय का ते बघायला, जसं आपण दुसऱ्याच्या हाताकडे बघतो.

मी त्याला मनगटाला धरून नळाखाली ओढलं. पंधरा मिनिटं पाणी सोडलं. त्याने एकदाही हूं की चूं केलं नाही.

"दवाखान्यात चला."

"नाई जी."

"वेड लागलंय का? हात सडेल."

"या दवाखान्यात नाई. मी आपल्या दवाखान्यात जातो."

"आपला कुठला?"

तो कुंडीवर बसला. उजव्या हाताने सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात चौघडी केलेला कागद होता. आणि कागदाला चिकटलेलं, वाळून गेलेलं ते पट्ट्याचं पान. मी कागद उलगडला. नाव, वय, गाव, औषधाचा काळ. सही, शिक्का. रोगमुक्त.

"अकरा वर्सं झाली," लटारी म्हणाला. "गोळ्या पुऱ्या खाल्ल्या. एक दिवस चुकलो नाई. बिमारी गेली. हाताले समजत नाई, तेवढं रायलं. पायाले बी. म्हनून पाहाव लागते रोज, कुठी लागलं का, कापलं का. आज पाह्याच्या आधीच हात घातला गेला."

"माझ्या चष्म्यासाठी."

"तुमाले त्याच्याबिगर दिसत नाई ना जी."

त्याच्या बायकोला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाच नाही. याआधी एका शाळेत शिपाई होता, तिथे कळलं आणि पोरांच्या आयांनी फाटकापाशी गर्दी केली. तेव्हापासून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची मुलगी सातवीत होती.

"मला समजतं हे सगळं," मी म्हटलं. "बऱ्या झालेल्या माणसापासून काही लागत नाही. मी कुणाला सांगणार नाही, लटारी. शब्द देते."

"पक्कं?"

"पक्कं."

आणि मी शब्द पाळला. हे आधीच सांगते, कारण नंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

लटारी पाच दिवस रजेवर गेला. मधल्या वेळात मी कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर उमाठ्यांकडे गेले. नाव न घेता विचारलं, समजा एखाद्याला पूर्वी कुष्ठरोग होता, औषधं पूर्ण झाली, कागद आहे, तर तो माळी म्हणून कायम होऊ शकतो का?

"का नाही? काम करतो ना?"

"इतरांपेक्षा जास्त करतो."

"मग झालं. त्याने येऊन सरळ सांगावं, लपवू नये. लपवलं की लोकांना संशय येतो. मी तपासून पास करीन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याच्यापासून तुम्हाला काही होत नाही हो. फार तर तुमच्यापासून त्याला सर्दी होईल."

आम्ही दोघं हसलो. मी हलक्या पावलांनी परत आले.

लटारी हाताला स्वच्छ पट्टी बांधून आला, तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

"तुमी संग येसाल?"

"कुठे?"

"मेडिकलले. आत. डॉक्टरसमोर मी सांगीन सारं. पन तुमी बाजूले बसल्या पाह्यजे."

"येईन की."

"मंग राहू द्या नाव," तो म्हणाला. आयुष्यात त्याने एवढा मोठा होकार कुणाला दिला नसावा. "पोरगी इंग्लिश शाळेत जाईन तं मंग."

तो स्टोव्ह पेटवायला गेला. दहा वाजले होते. गवती चहाचा वास आला. त्याने दोन ग्लास भरले आणि माझा टेबलावर ठेवला.

"आज नको," मी म्हटलं. "ॲसिडिटी झालीय."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. ठरवलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी स्वतः लटारीला शिकवलं होतं. पण ग्लास समोर आला आणि मी हात मागे घेतला. चुन्यातून काढलेला चष्मा मी घरी नेऊन डेटॉलमध्ये तीनदा धुतला होता, आणि तो चुन्यासाठी धुतला नव्हता. तीन महिन्यांत मी त्या ग्लासांतून किती चहा प्यायले ते हिशेब करून पाहिलं होतं. अंघोळ करताना हातापायांवरचे तीळ बघितले होते. मला लाज वाटत होती आणि भीती वाटत होती, आणि दोघींमध्ये भीती मोठी होती.

दुसऱ्या दिवशीही ॲसिडिटी होती. तिसऱ्या दिवशी मी पावणेदहालाच मुख्य कार्यालयात काम काढलं. मग उपास निघाला. मग परत ॲसिडिटी. लटारी रोज माझा ग्लास भरायचा, थोडा वेळ वाट बघायचा आणि स्वतः प्यायचा. "आलं कमी टाकू का जी?" असं एकदा विचारलं, तेवढंच.

वाफा मात्र सुधारत होता. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या झाल्या. छाटलेल्या बुडख्यांतून नवी पाती वर आली, टवटवीत, काठाला दुधासारखा पांढरा पट्टा. कडेच्या ज्या रोपांना थोडीच लागण होती, ती आम्ही पूर्ण छाटली नव्हती. त्यांच्या जुन्या पानांवर डाग राहिले होते, पण डाग वाढत नव्हते. रोग मेलेला होता.

"ही जुनी पानंही काढून टाका," मी म्हटलं.

लटारी उभा राहिला. "यायच्यातली बिमारी गेली ना जी?"

"गेली."

"मंग काऊन काढाचं? पान तं जितं हाये. रोपाले खाऊ घालते."

"बाई येणार आहेत, लटारी. दिसायला बरं दिसत नाही."

"हो," तो म्हणाला. "ते तं हाये."

पण कापायला लागला नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर, एका मंगळवारी, दहाच्या सुमाराला देवपुजारीसाहेब स्वतः शेडमध्ये आले. गोल चेहऱ्याचा, खाण्यापिण्याचा शौकीन माणूस. हातात यादी होती.

"मुळीक मॅडम, तुमच्या माळ्याचं नाव आलं. गुरुवारी सकाळी मेडिकल. निकोडे, उपाशीपोटी यायचं बरं का."

"येतो जी," लटारी म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हणजे गुरुवारी मी बरोबर येणार, हे ठरलंच होतं.

"मग तोंड गोड करा की," देवपुजारी म्हणाले. "वास तर फक्कड येतोय चहाचा."

लटारीने कँटीनचा एक कप शोधून त्यांना चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि वा म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं. मग लटारी माझ्या ग्लासाकडे वळला. तो उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला. फळीवरून कात्रीचं पातेलं काढलं, स्टोव्हवर पाणी ठेवलं.

"आता आणखी काय?" देवपुजारी म्हणाले.

"जरासाक थांबा जी."

पाणी उकळलं. त्याने चिमट्यात माझा ग्लास धरला आणि पाण्यात बुडवला. दहापर्यंत मोजलं. तोंडातल्या तोंडात, पण मला ऐकू येत होतं. बाहेर काढला, फिरवला, पुन्हा बुडवला, पुन्हा दहा मोजले. तिसऱ्यांदाही. मग पाणी झटकून, ग्लासाला बोट न लावता चिमट्यानेच टेबलावर ठेवला आणि वरून, हातभर अंतरावरून, त्यात चहा ओतला.

"घ्या मॅडमजी," तो म्हणाला. "आता काई नाई त्याले."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी रागावले असते, आणि रागाच्या भरात प्यायलेही असते. तो खरोखर विचारत होता. जे मी शिकवलं, ते त्याने करून दाखवलं होतं, आणि आता माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी ग्लास हातात घेतला. इतका गरम होता की बोटं भाजली. ओठांपर्यंत नेला. खाली ठेवला.

"नको हो. ॲसिडिटी," मी म्हटलं.

"तुमच्या वयात?" देवपुजारी म्हणाले. "थंड दूध घेत जा. इकडे आणा तो, वाया कशाला घालवता." आणि त्यांनी माझा ग्लास रुमालात धरून फुंकत फुंकत संपवला.

लटारीने स्टोव्ह विझवला. दिवसभर तो वाफ्यात होता.

बुधवारी सकाळी मी आले तेव्हा शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं. कात्र्या उकळून, पुसून, तेल लावून खिळ्यांवर टांगलेल्या होत्या. पातेलं घासून उपडं ठेवलं होतं. स्टोव्ह नव्हता. ग्लासही नव्हते, दोन्ही.

मी वाफ्याकडे गेले. दोनशे फुटांत डाग पडलेलं एकही पान उरलं नव्हतं. मेलेल्या डागांचीही सगळी जुनी पानं त्याने एकेक करून, बुडातून काढली होती. कापलेल्या पानांचा ढीग लांब खड्ड्यात जाळलेला होता.

गुरुवारी सकाळी मी दवाखान्याच्या बाकावर नऊपासून बारापर्यंत बसले. त्याच्या वस्तीतही जाऊन आले. खोली रिकामी होती. शेजारीण म्हणाली, बायको-पोरीला घेऊन पहाटेच्या एस.टी.ने गेले, कुठे ते सांगितलं नाही.

मेडिकलला घाबरून गेला, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही काही वर्षं तसंच म्हणायचे. पण मेडिकलला तर तो यायला तयार होता, फक्त मी शेजारी बसणार होते म्हणून. ज्या बाईला उकळलेला ग्लास तोंडाला लावता येत नाही, ती शेजारी कशी आणि किती वेळ बसेल, हे त्याने ओळखलं. त्याला कुणी काढलं नाही. कुठल्या फाइलीत काही नाही. मी एक शब्द कुणापाशी बोलले नाही.

पंचवीस तारखेला चेअरमनसाहेबांच्या पत्नी आल्या. गाडीतून उतरल्या त्या सरळ वाफ्याकडे गेल्या, वाकल्या आणि पात्यांवरून हात फिरवला.

"एकसुद्धा डाग नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात मला कळवलं होतं की सगळं गेलंय. कुणी केलं हे?"

देवपुजारींनी मला पुढे केलं. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आणि माळी कोण आहे? बोलवा त्याला."

"तो सोडून गेला, मॅडम."

"असा माणूस तुम्ही जाऊ कसा दिलात? का गेला?"

"काही सांगून गेला नाही," मी म्हणाले. हे खरंच होतं.

हिरवळीवर चहाचा ट्रे आला. पांढरे कप, सोनेरी काठाचे. चहा कुणी केलेला, कप कुणी विसळलेले, कोण जाणे. मी एक उचलला.

"अरे वा," देवपुजारी शेजारून म्हणाले. "ॲसिडिटी गेली वाटतं?"

"गेली," मी म्हटलं आणि कप तोंडाला लावला.